‘आधी गोळी सुरू करा, मगच वर्गात बसवू’ म्हणणाऱ्या शाळांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवते, शिक्षणाने फार्मासिस्ट आहे आणि सहावीतल्या एका मुलाची आई आहे. हे पत्र कुठल्या एका शाळेला उद्देशून नाही, म्हणून कोणाचं नाव घेत नाही. ज्यांना ते लागू पडेल त्यांना आपोआप कळेल.

गेली काही वर्षं एकच वाक्य मी वेगवेगळ्या पालकांच्या तोंडून ऐकते आहे. मुलगा वर्गात मारामाऱ्या करतो, चावतो, बाक ढकलतो, बाईंच्या अंगावर धावून जातो. तक्रारी वाढल्या की पालकांना ऑफिसात बोलावलं जातं आणि सांगितलं जातं, “मानसोपचाराच्या डॉक्टरांकडून औषध सुरू करून आणा, मगच याला वर्गात बसवू.” हे नेहमी तोंडी असतं. आम्हीही ते ऐकलं आहे. लेखी द्या म्हटलं तर “अहो, तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी सांगतोय” असं उत्तर येतं आणि विषय मिटतो.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी औषधांच्या विरोधात नाही. औषधं विकून माझं घर चालतं, आणि माझा मुलगा रोज सकाळी एक गोळी घेऊनच शाळेत जातो. तिचा त्याला उपयोग होतो. पण गोळी द्यायची की नाही, कोणती, किती, कधी बंद करायची, हे त्याला तपासणारे डॉक्टर आणि आम्ही आईवडील मिळून ठरवतो. वर्गात बसू देण्याची अट म्हणून ते ठरवण्याचा अधिकार शाळेला नाही. मला म्हणायचंय ते एवढंच, पण त्याच्या आजूबाजूला बरंच काही आहे, ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं.

तुमच्या त्या तोंडी अटीचं पुढे काय होतं ते मी काउंटरच्या या बाजूने बघते. रात्री आठनंतर गर्दी ओसरली की एखादे वडील येतात. कडेला उभे राहतात, मोबाईलमध्ये बघितल्यासारखं करतात. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की हळूच विचारतात, “मॅडम, पोरगं जरा शांत राहील असं काही आहे का?” वय विचारलं की सात, आठ, नऊ. डॉक्टरांची चिठ्ठी नसते. “सोमवारी शाळेत सांगायचंय, औषध सुरू केलंय म्हणून.” कोणाला शेजाऱ्यांनी सर्दीचं ते झोप आणणारं सिरप सुचवलेलं असतं. कोणी बुद्धी तल्लख करणाऱ्या टॉनिकची रिकामी बाटली घेऊन येतं, त्याच्यापेक्षा ‘स्ट्राँग’ काही हवं असतं. एका आजोबांनी तर स्वतःच्या झोपेच्या गोळीची पट्टी पुढे केली, अर्धी तोडून दिली तर चालेल का म्हणून.

मी समजावून सांगते. सर्दीच्या त्या सिरपांमध्ये प्रोमेथाझिनसारखी औषधं असतात, त्यांनी काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त सैरभैर होतात. झोपेच्या काही गोळ्यांचंही तेच. रिकाम्या हाताने पाठवते आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून देते. पण पुढच्या चौकातही मेडिकल आहे. तिथे काय होतं याची हमी मी देऊ शकत नाही, तुम्हीही देऊ शकत नाही.

मुलाला ताप आला तर कुठलीही शाळा ‘अमुक अँटिबायोटिक सुरू करून या’ असं सांगत नाही. घरी न्या, दाखवा, एवढंच सांगते. मारामारीही तापासारखीच, तिच्यामागे काय आहे ते बाहेरून दिसत नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल, तर हात आधी उठतो आणि विचार नंतर येतो. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या, न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखत असेल किंवा पोट साफ होत नसेल, तर ते चावा घेऊन सांगतं. वाचता न येणारा चौथीतला मुलगा मोठ्याने वाचनाच्या तासाला बरोबर कोणाशी तरी भांडण काढतो. बाहेर काढलं की त्याची सुटका होते. लहान मुलांच्या नैराश्यात रडण्यापेक्षा चिडचिड जास्त दिसते. टॉन्सिल, अॅडिनॉइड वाढल्याने रात्रभर घोरणारं, नीट न झोपलेलं मूल दिवसभर तिरसट असतं. आणि घरात बाप पिऊन आईला मारत असेल, तर मूल जे बघतं तेच शाळेत करतं. यातल्या कितीजणांना मानसोपचाराची गोळी लागेल? काहींना लागेल. काहींना दाताचा डॉक्टर लागेल. त्या शेवटच्या मुलाच्या बाबतीत गोळीने फक्त घरातली गोष्ट घरातच दबून राहील.

आमच्या मुलाला जिल्ह्याच्या गावी दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधाचं नावही काढलं नाही. मी फार्मासिस्ट, मनात नावांची यादीच घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, हा घोरतो का, कान तपासलेत का, फिट कधी आली होती का, वजन किती. घरात हात कोण उचलतं, हा प्रश्न त्यांनी मला आणि त्याच्या बाबांना वेगवेगळं बसवून विचारला. त्याच्याशी एकट्याशी बोलले. मग म्हणाले, वर्गशिक्षिकेकडून थोडे दिवस नोंद करून आणा. तीन रकाने: आधी काय घडलं, याने काय केलं, नंतर काय झालं. तेवढंच, मत नको.

इथे मला त्या बाईंबद्दल लिहायलाच हवं. तेव्हा त्यांच्या वर्गात साठाच्या वर मुलं होती. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलं आहे, ते त्यांनी कागदावरच पाहिलं असणार. तरी त्यांनी हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने रकाने आखले. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. ‘गुरुवार, पाण्याची रांग. मागच्याने धक्का दिला. याने वळून कंपासपेटी मारली. ऑफिसबाहेर उभा केला.’ खाली तशाच ओळी. रांग, खेळाचा तास, शाळा सुटताना जिना. चित्रकलेच्या तासाला काही नाही, गणिताला काही नाही. जिथे ताटकळत थांबायचं आणि अंगाला अंग लागतं तिथेच सगळं. आणि ऑफिसबाहेर उभं केलं की त्याची रांगेतून सुटका होत होती, हे बाईंनीच आम्हाला दाखवून दिलं. त्यांनी पाण्याच्या सुटीच्या वेळी त्याला हजेरीपट ऑफिसात पोचवायचं काम दिलं आणि जिन्यावर सगळ्यांत पुढे, आपल्याशेजारी ठेवलं. तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. अजून गोळी सुरू झालेली नव्हती.

बाकीच्या राहिल्या, त्यासाठी औषध लागलं. एडीएचडीचं निदान झालं, आमचं पालक-प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण म्हणजे काय तर सूचना एका वेळी एकच द्यायची, ओरडून नाही, चांगलं वागला की लगेच आणि नेमकं सांगायचं, मारायचं तर नाहीच. ऐकायला सोपं वाटतं. दुकान बंद करून दमून घरी गेल्यावर करून बघा. त्यानंतर मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं उत्तेजक औषध सुरू झालं.

हे औषध काही आजचं खूळ नाही. लहान मुलांच्या बेताल वागण्यावर अशा जातीच्या औषधाचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली नोंदवलं होतं, बेंझेड्रीन नावाचं उत्तेजक औषध देऊन. उत्तेजक औषधाने मूल शांत कसं होतं, हा प्रश्न तेव्हाही पडला आणि मला दुकानात आजही विचारतात. सोपं उत्तर असं की मेंदूचा जो भाग ‘थांब’ म्हणतो त्याला बळ मिळतं. योग्य मात्रेत मूल गुंगत नाही. ते पेंगुळलेलं दिसत असेल तर मात्रा चुकलीय असं समजून डॉक्टरांना फोन करायचा. हे तुमच्या शिक्षकांनीही लक्षात ठेवावं, कारण ‘आता कसा गप्प बसतो’ असं कौतुकाने सांगितलं जातं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

त्याची किंमतही असते. भूक मरते. पहिले काही महिने डबा भरलेलाच परत यायचा, आणि रात्री नऊला हा पोळ्यांवर पोळ्या मागायचा. झोप उशिरा येते. दर भेटीला उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघतात. आणि ते मिळवणंही सोपं नाही. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, कुलपात ठेवावं लागतं, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. माझ्याकडे तो परवाना नाही, तालुक्यात कोणाकडेच नाही. मेडिकलवालीच्या मुलाची गोळी मेडिकलवालीला एसटीने जाऊन आणावी लागते. ‘आठ दिवसांत औषध सुरू करून या’ म्हणणाऱ्यांना हे माहीत असतं का?

दुसरं एक औषध पालकांच्या तोंडी फार असतं, रिस्पेरिडोन. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘मारकुट्या मुलांची गोळी’ म्हणून लोक तेच ओळखतात. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये त्याचा उपयोग होतो, हे नीट तपासून झालेलं आहे. २००२ साली अमेरिकेत १०१ मुलांवर आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५ ते १७ वयाची, ऑटिझम असलेली आणि जोराचा संताप, मारणं किंवा स्वतःला इजा करून घेणं अशी मुलं. औषध मिळालेल्यांपैकी ६९ टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला, औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी मिळालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. इतका मोठा फरक या क्षेत्रात क्वचित दिसतो. ज्या आईच्या दंडावर चाव्यांचे व्रण आहेत तिला हा आकडा काय वाटेल, ते मी समजू शकते. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी आणि आक्रमकतेसाठी त्याला मान्यता दिली.

पण त्याच अभ्यासात त्या आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोने. या औषधाने भूक अनावर होते, पेंग येते, रक्तातली साखर आणि चरबी वाढू शकते, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू शकतं, क्वचित हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू होतात. म्हणून सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर, चरबी तपासायची आणि पुढेही तपासत राहायची. अशी किती मुलं तपासली जातात? माझ्याकडे चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना मी विचारते, रक्त तपासलंय का. बहुतेक जण माझ्याकडे नुसते बघतात. आणि मध्येच ‘आता बरा आहे’ म्हणून मनानेच बंद करणारेही भेटतात. ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

हे सगळं ऑटिझमबद्दल झालं. ज्या मुलाला ऑटिझम नाही, जो हट्टी आहे, उलट बोलतो, मारामाऱ्या करतो, त्याच्या बाबतीत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक सूचना २०१३ पासून स्पष्ट सांगतात की अशा वागण्यासाठी सरसकट औषध देऊ नये. रिस्पेरिडोनचा विचार फक्त तीव्र, स्फोटक आक्रमकता असेल, बाकीचे उपाय करून झाले असतील तेव्हा आणि थोड्या काळासाठी. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला एडीएचडी असला तरी आधी आईवडिलांचं प्रशिक्षण, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१९ च्या सूचनांत सांगते. एडीएचडीबरोबर तीव्र आक्रमकता असलेल्या १६८ मुलांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात सगळ्यांना आधी पालक-प्रशिक्षण आणि उत्तेजक औषध दिलं, आणि मग निम्म्यांना वर रिस्पेरिडोन. वर दिल्याने आणखी थोडा फायदा झाला खरा, पण दुसरं औषध न मिळालेल्या मुलांमध्येही चांगली सुधारणा होती. म्हणजे पायऱ्या आहेत, आणि त्या चढायला महिने लागतात. तुम्ही पालकांना थेट शेवटच्या पायरीवर उभं करता, तेही पुढच्या सोमवारपर्यंत.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. ज्या मुलाला माझ्या मुलाची कंपासपेटी लागली, त्याच्या भुवईवर टाके पडले होते. त्याची आई दुकानात आली, ओरडली नाही, फक्त म्हणाली, “माझ्या मुलाने काय करायचं ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या मुलांची सुरक्षितता हा तुमचा पहिला प्रश्न असणार आणि तो तसाच असायला हवा. शिक्षिकेला चावा घेतला तर तिनेही सोसत राहावं असं कोणी म्हणणार नाही. पण सुरक्षितता आजच्या आज हवी असते आणि ती बसायची जागा, जादा माणूस, रांगेचा क्रम, कुठल्या वेळी कोणी जवळ राहायचं याने येते. औषध आज सुरू केलं तरी मात्रा जुळायला वेळ जातो. त्या मधल्या काळात तुम्ही काय करणार, हे तुम्हालाच ठरवावं लागेल, गोळी असो वा नसो.

आणि गोळी सुरू झाल्यावर जे होतं त्याचं काय? साधी मेथिलफेनिडेटची गोळी साधारण चार तास चालते. म्हणून काही मुलांना दुपारची मात्रा शाळेत घ्यावी लागते. ज्या शाळा गोळीसाठी अडून बसल्या होत्या, त्याच म्हणतात, आम्ही औषधाची जबाबदारी घेत नाही. किंवा मधल्या सुटीत वर्गाच्या दारातून आवाज येतो, “अरे, तुझी डोक्याची गोळी घेतलीस का?” झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव ‘गोळी’. पुढे कोणाचीही वस्तू हरवली, कोणीही ढकललं, तरी पहिला प्रश्न यालाच, “आज गोळी घेतली नव्हतीस ना?” त्या दिवशी याची कागाळी खरी असली तरी कोण ऐकणार? दुसरीकडे स्टाफरूममधलेच कोणी तरी आम्हाला बाजूला घेऊन सांगतात की इतक्या लहान वयात असल्या गोळ्या देऊ नका, मूल कायमचं मंद होईल, त्यापेक्षा आमच्या ओळखीचे एक महाराज आहेत. एकाच इमारतीतून दोन्ही सल्ले. आईवडिलांनी कुठे जायचं?

कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही. परीक्षेत नापास करण्याविषयीची दुरुस्ती २०१९ मध्ये आली, काढून टाकण्याची मनाई तशीच आहे. कलम १७: शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझम, अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकायला येणारी अडचण) आणि मानसिक आजार ही तिन्ही नावं २१ प्रकारांच्या यादीत आहेत. त्याचंही कलम १६ च, आणि ते सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करा, अध्ययन अक्षमता लवकर ओळखा.

हे माहीत असल्यामुळेच काही जण काढून टाकत नाहीत. रोज फोन करतात. रोज अकरा वाजता न्यायला बोलावतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला ते किती दिवस परवडणार? सहलीला नको, गॅदरिंगला नको, परीक्षेपुरता आणा. मग एक दिवस पालकच कंटाळून अर्ज देतात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं सुवाच्य अक्षरात लिहून मिळतं. पुढची शाळा तो दाखला हातात घेऊन विचारते, मधेच का सोडली हो?

अमेरिकेत हाच प्रकार इतका झाला की २००४ मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात त्यावर कलम घालावं लागलं. शाळेत येण्यासाठी, तपासणीसाठी किंवा सेवा मिळण्यासाठी मुलाने नियंत्रित यादीतलं औषध सुरू करावं अशी अट शाळेचा कोणीही कर्मचारी घालू शकत नाही, असं ते सांगतं. मेथिलफेनिडेट त्या यादीत आहे. पण त्याच कलमात हेही आहे की शिक्षकाने वर्गात काय पाहिलं ते पालकांना सांगायला कुठलीही आडकाठी नाही. मला ही वाटणी पटते. बाईंनी पेन्सिलीने जे केलं ते याच्या अलीकडचं होतं, ऑफिसातली अट पलीकडची.

डॉक्टर कुठे आहेत, हेही एकदा बघा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत, जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. पण मुलांचे म्हणून वेगळे मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर शोधून सापडत नाहीत. गावाकडच्या माणसाला एका भेटीसाठी दिवसाचा पगार आणि दोघांचं एसटी भाडं मोजावं लागतं, आणि बुद्ध्यांकाची, वाचन-लेखनाची, कानाची तपासणी एका दिवसात होत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो काउंटरच्या काचेवर चिकटवलाय. तुमच्या नोटीस बोर्डावर चिकटवायला काय हरकत आहे? आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा तपासणीला येतंच. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. त्या दिवशी दात आणि डोळे तपासून मुलं परत वर्गात जातात. ज्या मुलाबद्दल तुमचे शिक्षक वर्षभर बोलत असतात त्याचं नाव त्या डॉक्टरांपुढे कोणी काढतं का? तिथून जिल्ह्याच्या केंद्राकडे रीतसर चिठ्ठी मिळू शकते. पालकांनाही ते ‘शाळेने हाकललं’ पेक्षा बरं वाटतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. पालकांना बोलवा तेव्हा आईवडील दोघांना बोलवा, बाकीच्यांसमोर नको, आणि काय घडलं ते लेखी द्या, तारीख-वेळेसकट. ‘आक्रमक आहे’ असं लिहू नका, त्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘मधल्या सुटीत, डबा सांडल्यावर, शेजारच्याला बुक्की मारली’ असं लिहा. निदान तुम्ही करू नका, औषधाचं नाव तर अजिबात काढू नका, डॉक्टरांना दाखवा म्हणा आणि भेटीची तारीख मिळेपर्यंत त्याला वर्गात ठेवा. औषध सुरू झाल्यावर डॉक्टर शिक्षकांकडून एखादा फॉर्म भरून मागतात. तो रोखू नका, कारण मात्रा बरोबर आहे का हे त्यांना बऱ्याचदा त्यावरूनच कळतं, आम्ही तर मुलाला संध्याकाळीच बघतो, औषध उतरल्यावर. दुपारची गोळी असेल तर एक माणूस नेमा, गोळी ऑफिसात कुलपात ठेवा, मुलाला तिथे बोलवा. बाकी कोणाला कळायची गरज नाही. आणि पालकांनी सगळं ऐकून घेऊन, डॉक्टरांशी बोलून, ‘आम्ही सध्या औषध देणार नाही’ असं ठरवलं, तर तेही ऐकून घ्या. तसं ठरवणारे आईवडील निष्काळजी असतात असं नाही, आणि देणारे आईवडील मुलाला गुंगीत ठेवतात असंही नाही.

शिक्षिकेच्या त्या तीन रकान्यांचा तक्ता मी डॉक्टरांकडून नीट तपासून छापून घेतलाय. खाली पालकांच्या सहीची जागा आहे आणि औषधाबद्दल एकही रकाना नाही. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरल्या की आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत एक गठ्ठा पाठवणार आहे. कमी पडले तर शिपायाला दुकानावर पाठवा, झेरॉक्स माझ्या खर्चाने.

आपली,
एक पालक, फार्मासिस्ट